बिनखुणेचा 250 चा बिडाचा चक: 1500 आरपीएम चालेल का?

टर्निंग_भोसरी
लेथचा टॉप स्पीड 1800, नोज (स्पिंडल म्हणजे फिरणाऱ्या मुख्य शाफ्टचं टोक) कॅमलॉक डी1-6, म्हणजे कॅम फिरवून चक आवळायचा. 160 चा स्टील चक (जॉब धरून फिरवणारा भाग) काढून 250 मिमीचा जुना ट्रू चक बसवलाय, म्हणजे तिन्ही जॉ (पकडणारे जबडे) एकत्र सरकणारा. बॉडी बिडाची, तोंडावर ना कंपनीचं नाव, ना आरपीएम. जॉब ईएन8 (मध्यम कार्बनचं स्टील) चा, 30 मिमी व्यास, चकबाहेर 70 मिमी, टूल कार्बाइड. कटिंग स्पीड मिनिटाला 140 मीटर धरला की 1485 आरपीएम येतात. लेथ तेवढे देतो, पण चकला झेपतील का?

लेथमास्तर
नका चालवू. गिअर चार्टवरचे 1800 स्पिंडलचे आहेत, चकचे नव्हेत. चकची मर्यादा चकवर कोरलेली असते आणि दोन्हीत जी कमी ती पाळायची. तुमच्याकडे ती खूणच नाही, म्हणून हिशोब हात राखूनच करायला हवा.

बीड दाब भरपूर सोसतं, ताण सोसत नाही. फिरणाऱ्या चकमध्ये ताणच येतो, आणि तो आरपीएमच्या वर्गाने वाढतो. 1000 वरून 1500 वर गेलात की वेग दीडपट, ताण सव्वादोन पट. बिडाच्या फ्लायव्हीलला रिमचा (बाहेरच्या कडेचा) वेग सेकंदाला 25 ते 30 मीटर ही जुनी मर्यादा आहे. चक तसा अखंड नसतो: जॉच्या तीन खाचा, आत स्क्रोलसाठी (जॉ सरकवणारी गोल आट्यांची चकती) पोकळी. तुमच्या 1485 ला रिमवर 19.4 मीटर येतात. ओळख नसलेल्या जुन्या बिडाला मी 13 च्या वर जाऊ देणार नाही, म्हणजे 250 च्या चकला 1000 आरपीएम.

तेवढ्यात कटिंग स्पीड 94 मीटर मिळतो. ईएन8 कार्बाइडने व्यवस्थित कापला जातो. फीड 0.20 चा 0.25 केलात तर गेलेल्या वेळेतला थोडा परत मिळतो.

पण 1000 सुद्धा तपासणीनंतरच. चक पूर्ण खोला, रॉकेलने धुवा, कोरडा करा. डाय पेनिट्रंटचा (भेगेत शिरून ती दाखवणारा) लाल रंग मारून दहा-पंधरा मिनिटं थांबा, पुसा, मग पांढरा डेव्हलपर मारा. खाचांचे आतले कोपरे भिंगाखाली बघा. तिथे केसाएवढी लाल रेघ उमटली तर चक भंगारात. बिडाची बॉडी वेल्डिंग करून परत लावायची नाही.

जॉब_फिक्स्चर
बॉडी फुटण्याआधी पकड सुटते, तेही लक्षात घ्या. 250 च्या चकचा जॉ एक किलोचा आणि त्याचा गुरुत्वमध्य केंद्रापासून 80 मिमीवर धरला, तर 1000 आरपीएमला एकेक जॉ सुमारे 90 किलोच्या जोराने बाहेर ओढला जातो. 1500 ला तोच जोर 200 किलो. जॉब बाहेरून धरला असेल तर हे ओढणं पकडीतून वजा होतं. स्लीव्ह (पोकळ नळीसारखा जॉब) आतून धरली की उलटं होतं: पकड वाढते, पातळ भिंत फुगते.

पॉवर चकच्या (तेलाच्या किंवा हवेच्या दाबाने पकडणाऱ्या) कॅटलॉगमध्ये कमाल वेग ठरवतानाच गृहीत असतं की पूर्ण दाब आहे, चकला ठरवून दिलेले सर्वात जड जॉ आहेत आणि तरी स्थिर पकडीच्या एक तृतीयांश पकड शिल्लक आहे. जॉ चकच्या व्यासाबाहेर आले की तो आकडा लागू नाही. हातचकलाही हाच विचार लावा. मोठा व्यास धरायला जॉ बाहेर काढले तर स्क्रोलचे दातही कमी गुंततात, तिथे वेग अर्ध्यावर आणा. डॉग चकमध्ये (चारही जॉ वेगवेगळे सरकणारा) वाकडा जॉब असेल तर 200-300 वर सुरू करा, थरथर दिसली की तिथेच थांबा.

सीएनसी_चिंचवड
हाच चक सीएनसीवर (संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणारा लेथ) गेला तर एक गोष्ट जीव वाचवते. जी96 मध्ये (कटिंग स्पीड कायम ठेवणारा कोड) फेसिंग, म्हणजे जॉबचं तोंड सपाट करताना टूल मध्याकडे जातं तसे आरपीएम चढतात. 150 मीटरला 100 व्यासावर 477, 20 वर 2387, 10 वर 4775. म्हणून फॅनुक कंट्रोलवर जी96 च्या आधी जी50 एस1000 (आरपीएम 1000 च्या वर जाऊ न देणारी ओळ) टाका. ती ओळ राहिली तर मशीन आपल्या टॉप स्पीडपर्यंत जाते, चक कुठला बसवलाय ते तिला कळत नाही.

टर्निंग_भोसरी
पेनिट्रंट आणतो. जॉ सुटे करून बघितले: खाचांवर 1, 2, 3 आहेत, जॉवर 1, 3 आणि एकावर काहीच नाही. तो खाचेत जरा सैलही बसतो.

लेथमास्तर
तो जॉ दुसऱ्या सेटचा असणार. स्क्रोलच्या सुरुवातीपासून तीन जॉचे दात एकेक तृतीयांश पिचने (दोन दातांमधलं अंतर) सरकवलेले असतात, त्यामुळे चुकीचा जॉ बसला तरी मध्यावर येत नाही आणि जोर दोनच जॉवर पडतो. त्या जॉवर चक चालवू नका, पूर्ण सेट घ्या.

चक परत चढवताना टेपर आणि फेस दोन्ही पुसा, एक चिप पुरते. नोजवरचे कॅम आवळल्यावर प्रत्येकाची रेघ घड्याळाच्या तीन आणि सहाच्या मध्ये, म्हणजे दोन व्ही खुणांच्या आत यायला हवी. सहाच्या पुढे गेली तर चकच्या मागची त्या कॅमची पिन एका आट्याने आत घ्या, तीनच्या आधीच अडली तर एका आट्याने बाहेर. पहिल्यांदा 300 वर दोन मिनिटं, चकच्या रेषेत उभं न राहता, गार्ड खाली करून.