मदत हवी आहे: कोअ‍ॅक्सिअल केबलची आतली तार मध्यापासून सरकली तर बाहेर चुंबकीय क्षेत्र किती?

आतली भरीव तार 1 मिमी त्रिज्येची, बाहेरची तांब्याची नळी आतून 4 आणि बाहेरून 5 मिमी त्रिज्येची. तारेतून 10 अँपिअर जातात, नळीतून तेवढेच परत येतात. केबल लांब आणि सरळ धरली आहे.

तार बरोबर मध्यावर असताना अडचण नाही. अँपिअरचा नियम (बंद वाटेवरचं चुंबकीय क्षेत्राचं संकलन, म्हणजे इंटिग्रल, त्या वाटेने वेढलेल्या प्रवाहाच्या प्रमाणात असतं) लावून तार, मधली पोकळी, नळी आणि बाहेर अशा चारही भागांतलं क्षेत्र काढलंय: तारेच्या पृष्ठभागावर 2 मिलिटेस्ला, पुढे अंतराच्या व्यस्त प्रमाणात कमी, नळीच्या जाडीत उतरत जाऊन 5 मिमीला शून्य. बाहेरही शून्य.

आता तार 0.5 मिमी बाजूला सरकवली. वेढलेला एकूण प्रवाह शून्यच, म्हणजे बंद वाटेवरचं संकलनही शून्य. पण सममिती गेल्यामुळे त्यावरून क्षेत्र शून्य म्हणता येत नाही (पुस्तकं इथेच गप्प बसतात). म्हणून तार आणि नळी यांची क्षेत्रं वेगवेगळी काढून बेरीज केली. मध्यापासून 20 मिमीवर, तार सरकली त्या बाजूला, सुमारे 2.5 मायक्रोटेस्ला आलं. अंतर दुप्पट केलं की ते साधारण चौथाई होतं.

या हिशेबात नळीतला प्रवाह सगळीकडे सारखा पसरलेला धरलाय. डीसीला ते चालेल. पण मला 50 हर्ट्झच्या एसीसाठी उत्तर हवंय. तिथे तांब्यातली स्किन डेप्थ (एसी प्रवाह धातूच्या पृष्ठभागापासून साधारण जितका खोल शिरतो ते अंतर) 9 मिमीच्या वर आहे, नळीची जाडी फक्त 1 मिमी. सिम्युलेशन सॉफ्टवेअर हाताशी नाही, कागदावरची पद्धतच हवी.

तर 50 हर्ट्झला नळीतला प्रवाह सारखा पसरलेला धरणं योग्य आहे का, की सरकलेल्या तारेमुळे तो एका बाजूला किती गोळा होतो हे ठरवायला स्किन डेप्थ सोडून दुसरा निकष लावावा लागतो?