बाबांची कॉन्टेसा ठेवू की विकून व्हर्टस जीटी घेऊ?

आर्वीचा कास्तकार:
नमस्कार मंडळी. बाबांनी १९९६ साली घेतलेली हिंदुस्तान मोटर्सची कॉन्टेसा घरी उभी आहे. इसुझूचं १८१७ सीसी पेट्रोल इंजिन, पाच गिअर. यंदा आरसीचं नूतनीकरण आलं आहे. भाऊ म्हणते, ही काढ अन् फोक्सवॅगनची व्हर्टस जीटी १.५ घे. आईला महिन्यातून दोनदा नागपूरच्या दवाखान्यात न्यावं लागते. दोन्ही गाड्या चालवलेलं कोणी आहे का?

वरुडचा संत्रावाला:
भाऊ, माझ्या घरी दोन्ही आहेत. आधी आईचं बोलतो. मागच्या मे महिन्यात माझ्या आईले कॉन्टेसात घेऊन नागपूरले निघालो. काटोलच्या अलीकडे गाडी बंद. ऊन असं की पेट्रोल नळीतच उकळलं, कार्ब्युरेटरपर्यंत पोचेच ना. बोनेट उघडून इंजिनाच्या पेट्रोल ओढणाऱ्या पंपाले ओला दुपट्टा गुंडाळला अन् अर्धा तास बाभळीखाली बसलो. आईचे ओठ सुकून गेले होते. त्या दिवसापासून दुखण्याच्या माणसाले त्या गाडीत बसवत नाही.

व्हर्टसमध्ये १५० पीएस ताकद, २५० न्यूटन मीटर टॉर्क, सहा एअरबॅग. २०२३ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत पाच तारे मिळाले. समृद्धीवर १२० ची मर्यादा आहे, तिथं ही गाडी निवांत चालते, आई मागं झोपून जाते.

पण कॉन्टेसा विकू नको राजा. चोक ओढून चावी फिरवली की तिचं अंग एका बाजूला डोलते, मग इंजिन जागेवर येते. लांब बोनेट समोर पसरलेलं असते. वळणातून निघताना मागची चाकं गाडीले ढकलतात. पोराची व्हर्टस पुढून ओढते. हा फरक कागदावर दिसत नाही, पाठीले कळते.

खामगावकर:
लोक कॉन्टेसाला मसल कार म्हणतात ते रूपावरून. खरी मसल कार म्हणजे मोठ्या ताकदवान इंजिनाची अमेरिकी गाडी; १९६४ च्या पॉन्टिॲक जीटीओत ६.४ लिटरचं, आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन होतं. कॉन्टेसा आली इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल व्हीएक्सवरून, आत चारच सिलिंडर. वेगात व्हर्टस तिला सहज मागं टाकेल. म्हणून वेगासाठी ठेवायची असेल तर ठेवू नका.

हिंगणघाटचा मिस्त्री:
ठेवणार असाल तर आधी पेट्रोलच्या रबरी नळ्या बदला. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल जुन्या रबराले खाते. इथेनॉल चालणारी नळी मागा. मग मॅट काढून पायाखालचा पत्रा पेचकसानं टोचून पाहा. पेचकस आत गेला तर खर्च मोठा. इंजिनच्या सामानाचं टेन्शन घेऊ नका, ॲम्बेसेडर १८०० आयएसझेडमध्ये हेच इसुझू होतं.

आर्वीचा कास्तकार:
सगळ्यांचे आभार. आज मॅट काढली. डाव्या बाजूचा पत्रा टणक आहे, ड्रायव्हरच्या पायाखाली दोन बोटांएवढं भोक. नळी दाबली तर पापडासारखी तडकली. आईसाठी व्हर्टस घेतो. कॉन्टेसा विकत नाही, बाबांच्या हाताची गाडी आहे. मिस्त्रीभाऊ, रविवारी ट्रॉलीवर टाकून आणली तर पत्रा तुमच्याकडंच होईल का?