लाकडावर छायाचित्र कोरताना कडा करपतात आणि चेहऱ्यावर काळे ठिपके उमटतात

शिसवी यांचा प्रश्न:
नमस्कार. माझ्याकडे ५.५ वॉटच्या निळ्या डायोड लेझरचे छोटे यंत्र आहे. त्यावर अर्डुइनो उनो हा नियंत्रक बोर्ड आणि त्यात यंत्राची हालचाल चालवणारी जीआरबीएल १.१ ही प्रणाली असून संगणकावरून चित्र पाठवायला मी लेझरजीआरबीएल हा प्रोग्राम वापरते. आजी-आजोबांच्या लग्नाचे कृष्णधवल छायाचित्र बर्च प्लायवर १५० मिमी रुंदीत कोरायचे आहे. वेग ३००० मिमी प्रति मिनिट, दोन ओळींतील अंतर ०.१ मिमी, चित्र ग्रेस्केल (राखाडी छटांचे) आणि जीआरबीएलच्या $१२० या सेटिंगमध्ये एक्स अक्षाचे त्वरण ५०० (मिमी प्रति सेकंद वर्ग) आहे. चाचणीत डाव्या व उजव्या कडेला करपलेली पट्टी येते, कोरताना यंत्र मधूनमधून अडखळते व नेमक्या त्याच जागी चेहऱ्यावर गडद ठिपके पडतात. शिवाय आजीच्या नऊवारीतील मधल्या छटा जवळजवळ नाहीशाच होतात. लेझरची शक्ती कमी केली, तर फिकट भाग उमटतच नाही. दोष नेमका कुठे शोधावा?

यंत्रवेडा यांचे उत्तर:
शक्तीला हात लावण्याआधी गती तपासावी, कारण आपण सांगितलेल्या पहिल्या दोन्ही तक्रारी गतीच्या आहेत.

प्रथम $३२ या लेझर मोडच्या सेटिंगची किंमत १ आहे ना, ते पाहावे. ती ० असेल, तर प्रत्येक वेळी एस (लेझरच्या शक्तीचा आकडा) बदलताना जीआरबीएल हालचाल थांबवते, आणि ग्रेस्केल चित्रात एस जवळजवळ प्रत्येक बिंदूला बदलतो. त्यानंतर चित्र आयात करताना लेझर चालू करण्यासाठी एम३ या आज्ञेऐवजी एम४ निवडावी. एम३ मध्ये लेझरची शक्ती कायम राहते, त्यामुळे ओळीच्या टोकाला यंत्र मंदावले की त्याच जागी जास्त उष्णता पोहोचते आणि कड करपते. एम४ मध्ये प्रत्यक्ष वेगाच्या प्रमाणात शक्ती कमी-जास्त केली जाते. तरीही लाकूड या प्रमाणाला तंतोतंत जागत नाही, म्हणून वेग घेण्याचे अंतर चित्राबाहेर ठेवणे उत्तम. हे अंतर वेगाच्या वर्गाला त्वरणाच्या दुपटीने भागले की मिळते. ३००० मिमी प्रति मिनिट म्हणजे सेकंदाला ५० मिमी, आणि ५०० त्वरणाला हे अंतर २.५ मिमी होते; वेग दुप्पट केला तर ते थेट १० मिमी होते. लाइटबर्न या दुसऱ्या लेझर प्रोग्राममध्ये यासाठी ओव्हरस्कॅनिंगची सोय आहे.

अडखळण्याचे कारण मात्र अधिक खोल आहे. ०.१ मिमीच्या बिंदूंनी आपण सेकंदाला ५०० आज्ञा मागत आहात. एका आज्ञेत दहा-बारा अक्षरे धरली तर संगणक व बोर्ड जोडणाऱ्या ११५२०० बॉडच्या (सेकंदाला तेवढे बिट नेणाऱ्या) तारेची निम्मी क्षमता तेवढ्यातच खर्च होते. त्याहून मोठी अडचण अशी की, उनोवरील जीआरबीएलच्या नियोजन-साठ्यात, म्हणजे पुढच्या हालचाली आधीच आखून ठेवण्याच्या जागेत, एका वेळी १५ हालचालीच मावतात आणि साठ्यातील शेवटच्या हालचालीअखेर यंत्राला पूर्ण थांबता आले पाहिजे, असे गृहीत धरूनच ते वेग ठरवते. आपल्या चित्रात १५ हालचाली म्हणजे १.५ मिमी. एवढ्या अंतरात ५०० त्वरणाने थांबायचे असेल, तर वेग सेकंदाला साधारण ३९ मिमी, म्हणजे मिनिटाला २३०० मिमीच्या पुढे जाऊच शकत नाही. आपण मागितलेले ३००० या मांडणीत कधीच मिळणार नाहीत, तार कितीही वेगवान असली तरी. एकतर वेग २००० वर आणावा, किंवा यंत्राची चौकट धडधाकट असेल व पावले चुकत नसतील तर त्वरण १००० करावे. मग मर्यादा ३३०० च्या आसपास जाते, पण तेव्हा तार आणि प्रोसेसर यांच्यावरही तेवढाच ताण येतो, हे ध्यानात असू द्यावे.

छायाप्रकाश यांचे उत्तर:
वरील हिशेब मान्य. छटांविषयी माझे मत असे की, डायोड लेझरने लाकडावर चेहरा कोरायचा असेल, तर ग्रेस्केलपेक्षा डिथरिंग निवडावे. ठरावीक उष्णतेखाली लाकडावर काहीच उमटत नाही आणि ती पातळी ओलांडताच रंग भराभर गडद होतो. म्हणून शक्तीच्या चढ-उतारातून मधल्या छटा नीट येत नाहीत. डिथरिंगमध्ये शक्ती एकच राहते आणि ठिपक्यांच्या दाटीतून छटा तयार होते. फ्लॉइड-स्टाइनबर्ग पद्धतीत एका बिंदूची उरलेली चूक शेजारच्या ४ बिंदूंत वाटली जाते, तर जार्व्हिस पद्धतीत १२ बिंदूंत. दोन्ही पद्धती १९७६ च्या आहेत. चेहऱ्यासाठी मी जार्व्हिस वापरतो, कारण गालांवरचा उतार त्यात अधिक मऊ दिसतो. सलग सारखे बिंदू एकाच आज्ञेत गुंफले जातात, हाही फायदाच. तो मोकळ्या पार्श्वभूमीत मोठा आणि मधल्या छटांत कमी असतो.

मात्र आधी लेझरचा ठिपका मोजावा. अनेक डायोडचा ठिपका आयताकृती असतो. त्याची एखादी बाजू ०.१५ मिमी असेल आणि ओळी ०.१ मिमीवर असतील, तर शेजारच्या ओळी एकमेकींवर चढून सगळेच चित्र काळवंडते. त्याच प्लायच्या तुकड्यावर ०.०८ ते ०.१६ मिमी अंतराच्या पट्ट्या कोरून, ज्या पट्टीत ओळी जेमतेम चिकटतात ते अंतर घ्यावे. चित्राचा आकार आणि बिंदूंची घनता त्या अंतराशी जुळवूनच कॉन्ट्रास्ट वाढवावा. ४५० नॅनोमीटरसाठीचा चष्मा या चाचण्यांतही डोळ्यांवर हवाच.

शिसवी:
दोघांचेही मनापासून आभार. $३२ आधीपासून १ होता, पण आयात एम३ ने होत होती. एम४, २००० चा वेग आणि जार्व्हिस घेतल्यावर कडेची पट्टी गेली आणि चेहराही स्वच्छ आला. आता फक्त पदराच्या उभ्या काठाला करवतीसारखे दाते दिसतात.

यंत्रवेडा:
येतानाची आणि जातानाची ओळ एकमेकींपासून सरकल्याचे ते लक्षण आहे. एक उभी पट्टी १००० आणि २००० या दोन्ही वेगांना कोरून दाते भिंगाखाली मोजावेत. वेगाबरोबर ते दुप्पट झाले, तर लेझर पेटण्यातील विलंब कारणीभूत आहे. अशा वेळी लाइटबर्नच्या स्कॅनिंग ऑफसेट तक्त्यात प्रत्येक वेगासाठी दुरुस्ती भरता येते. दोन्ही वेगांना दाते सारखेच राहिले, तर ढिलाई यांत्रिक आहे. तेव्हा एक्स अक्षाचा पट्टा ताणावा आणि मोटरवरील पुलीचा ग्रब स्क्रू शाफ्टच्या सपाट बाजूवर घट्ट बसला आहे का, ते पाहावे. तोपर्यंत छायाचित्र पूर्ण करायचेच असेल, तर एकाच दिशेने कोरावे. वेळ जवळजवळ दुप्पट लागेल, पण काठ सरळ येईल.