ओळखीने नफा वाढतो, पण कंपनी सुधारते का?

आकडेमोड्या: वीज, टेलिकॉम, खाणी, बँका, जिथे लायसन नि दर सरकारच्या हातात तिथे वर, म्हणजे सत्तेतल्या लोकांशी, ओळख असलेली कंपनी जास्त कमावते. पण माझ्या मते ती कमाई कंपनीची नसतेच, खुर्चीची असते. इंडोनेशियात १९९५ ते १९९७ मधे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष सुहार्तो आजारी असल्याच्या अफवा उठायच्या आणि दरवेळी त्यांच्या गोतावळ्यातल्या कंपन्यांचे शेअर बाकीच्यांपेक्षा जास्त आपटायचे, अर्थशास्त्रज्ञ रेमंड फिसमनने हे मोजलंय. कारखाना तोच, कामगार तेच, बिघडली फक्त एका म्हाताऱ्याची तब्येत!

रोखठोक: म्हणजे ओळखीला किंमत आहे हे तूच सिद्ध केलंस की. परमिशनची फाईल अडकली की कर्जाचं व्याज काय सरकार भरतं? बोर्डावर निवृत्त अधिकारी घेतला की लोक लगेच नाकं मुरडतात, पण अर्ज कुठल्या कलमात अडकणार हे त्यालाच ठाऊक असतं, ती काय लाच झाली?

शंकासुर: पण नेते मुळात तगड्या कंपन्यांच्याच जवळ जातात ना? ओळखीमुळे नफा का नफ्यामुळे ओळख?

आकडेमोड्या: शंकासुर, म्हणून तर आजारपणाचं उदाहरण दिलं, ते काही कंपनीच्या हातात नसतं. आणि रोखठोक, पाकिस्तानात ख्वाजा आणि मियाँ या अर्थशास्त्रज्ञांनी १९९६ ते २००२ ची कर्जं तपासली, संचालकांत राजकारणी असलेल्या कंपन्यांना ४५ टक्के जास्त कर्ज, आणि थकवण्याचं प्रमाणही ५० टक्के जास्त. ही मेहेरबानी फक्त सरकारी बँकांची, खाजगी बँकांत तसं काही दिसलं नाही. कलमं समजणारा माणूस एवढाच मुद्दा असता तर खाजगी बँकेनेही भाव दिला असता.

रोखठोक: बँकेचं सोड. जिथे सरकारने नेमलेला नियामक कंपनीचा खर्च बघून दर ठरवतो तिथे ओळख असून नसून सारखीच, परतावा ठरलेला.

गुंतवणूकदार_साधा: सारखीच कशी? कुठला खर्च मान्य करायचा तिथेच तर सगळी मेख असते. शिवाय उपकार फेडावे लागतात ते कोणी धरतच नाही, फ्रान्समधे नेत्यांशी जवळीक असलेल्या सीईओंच्या कंपन्या निवडणुकीच्या वर्षात जास्त नोकऱ्या देतात असं दिसलंय, ते पगार शेवटी आम्हा शेअरहोल्डरांच्याच खिशातून.

रोखठोक: मग विक ना शेअर! डिव्हिडंड येतो तेव्हा कोणी विचारत नाही कोणाच्या ओळखीने आला.

गुंतवणूकदार_साधा: विकणारच आहे, निवडणुकीच्या आधी.