ओढाळ लॅब्रॅडॉर आणि दुखरा खांदा

प्रश्न: माझा ३० किलोचा लॅब्रॅडॉर फिरताना इतका ओढतो की उजवा खांदा रात्रभर ठणकतो. वयाच्या ४२व्या वर्षी ताकदीचा व्यायाम कसा सुरू करावा आणि पट्टा कोणता घ्यावा?

उत्तर १: खांदा आधी डॉक्टरांना दाखवावा. त्यानंतर आठवड्यातून दोनदा, मध्ये किमान एक दिवस विश्रांती ठेवून, खुर्चीवरून उठण्याच्या बैठका, भिंतीवरचे जोर आणि वाकून डंबेल कमरेकडे ओढण्याचा व्यायाम प्रत्येकी ८ ते १२ वेळा करावा. १२ आवर्तने सहज जमू लागली की मगच वजन थोडे वाढवावे.

उत्तर २: ताकद येईल तेव्हा येईल, आधी गळपट्टा बदला. छातीवर कडी असलेला हार्नेस (गळ्याऐवजी छाती-पाठीभोवती बसणारा पट्टा) घेऊन त्या कडीला दोरी अडकवल्यास कुत्रा ओढू लागताच त्याचे अंग तुमच्याकडे वळते आणि त्याचा जोर मोडतो. पट्ट्याखाली दोन बोटे जातील इतकाच तो सैल ठेवावा आणि काखेत घासून केस झडत नाहीत ना, हे अधूनमधून पाहावे. आपोआप गुंडाळली जाणारी दोरी मात्र घेऊ नये, कारण ती सतत ताणलेली राहून ओढण्याचीच सवय लावते.

प्रश्नकर्ता: दोरी मी मनगटाला गुंडाळतो, ते चालेल का?

उत्तर २: मुळीच नको, एका हिसक्यात मनगट मुरगळेल.