मदत हवी आहे: आजोबांच्या वेब्ली पिस्तुलाची स्प्रिंग तुटली

रामराम राजेहो. आम्ही आर्वी तालुक्यातले. आजोबांचं वेब्ली अँड स्कॉट पिस्तूल बाबांकडून माझ्या लायसनवर आलं. काडतूस ०.३२ ऑटो, म्हणजे ७.६५ मिमी. (रिवॉल्व्हरचं ०.३२ काडतूस वेगळं, त्यात गल्लत करू नका.) हे मॉडेल बनणं बंद होऊन कितीतरी दशकं झाली.

पोळ्याच्या आधी साफ करायला काढलं तर स्लाइड (वरचा सरकता भाग) मागं ओढली की पुढं येतच नाही. उजव्या बाजूची मुठीची पट्टी उघडली, तर आतली इंग्रजी व्ही आकाराची स्प्रिंग मोडावर तुटलेली. हल्लीच्या पिस्तुलांसारखी गुंडाळीची स्प्रिंग यात नसतेच, म्हणून दुसऱ्याची बसवता येत नाही.

नागपूरच्या एका दुकानदारानं हातात घेऊन पाहिलंही नाही. "पार्ट मिळत नाही, जमा करून टाका," म्हणे. गावचा लोहार पोलादी पट्टा घासून स्प्रिंग बनवून देतो म्हणतो. माणूस हुशार आहे, पण विनापरवाना हत्यार दुरुस्त करणं शस्त्र अधिनियम १९५९ खाली गुन्हा आहे. अन् पोलादाला पाणी (तापवून-विझवून कडक करणं) नीट नाही बसलं तर चार गोळ्यांत पुन्हा तुटेल, ते वेगळंच.

तर विचारायचं हे, की नागपूर, अमरावतीकडं किंवा जबलपूरला अशी चपटी स्प्रिंग हातानं घडवणारा परवानाधारक कारागीर कोणाच्या माहितीत आहे का? हत्यार त्याच्याकडं महिनाभर ठेवावं लागलं तर पावतीशिवाय ठाण्यात काही लेखी द्यावं लागतं का? ज्यानं स्वतः केलंय त्यानंच सांगा भाऊ. विकायचं नाही, तेवढं विचारू नका.