मदत हवी आहे: जुन्या यादीतली 'पाल्मातोरिया' म्हणजे काय?

नमस्कार मंडळी. फोंड्याच्या घरी पणजोबांच्या वाटणीचं १९३१ सालचं पोर्तुगीज इन्व्हेंतार, म्हणजे मालमत्तेची यादी, सापडलंय. 'कोंतादोर' वाचून आम्ही मोजणीचं यंत्र समजलो. निघालं खणाखणांचं कपाट! 'गोर्गोलेता' म्हणजे मातीची सुरई, हेही जमलं.

अडलंय '२ पाल्मातोरिया, ४ तांगा' इथे (तांगा म्हणजे तेव्हाचं गोव्यातलं नाणं). कोशात अर्थ दोन: मूठ असलेली मेणबत्तीची बशी, किंवा शाळेत तळहातावर हाणायची लाकडी फळी. पणजोबा मास्तर, म्हणून आजी फळीच म्हणते (स्वानुभव असावा). पण नोंद समई आणि कंदिलाच्या मधोमध आहे. पुढचा शब्द वाळवीने खाल्लाय, 'दि' तेवढं उरलंय. 'दि लातांव', पितळेची? की 'दि पाउ', लाकडी? कुणाच्या जुन्या यादीत ही वस्तू किमतीसकट आहे का?